शून्य तक्रारींचं पान

१

सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता शहरातले सगळे नळ दुरुस्त झाले. निदान पाणीखात्याच्या वेबसाइटवर तरी.

शुक्रवारी ऑफिस सुटलं तेव्हा तिथे चारशे अठरा तक्रारी होत्या. गढूळ पाण्याच्या, फुटलेल्या पाइपांच्या, आणि एक अशा गृहस्थांची, ज्यांच्या नळातून पाण्याऐवजी नुसताच आवाज येत होता. सोमवारी या सगळ्यांच्या जागी टपोऱ्या अक्षरांत एकच ओळ उरली होती : 'प्रलंबित तक्रारी – शून्य'.

हे पहिल्यांदा पाहिलं हेडक्लार्कनी. त्यांनी जाड भिंगांचा चष्मा काढला, पुसला, परत चढवला. शून्य जागचं हललं नाही. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी तक्रारी गहाळ होताना पुष्कळ पाहिल्या होत्या, पण एकेक. घाऊक माल पहिल्यांदाच गेला होता. ते व्हरांड्यात येऊन जे ओरडले ते थेट तिसऱ्या मजल्यापर्यंत गेलं, आणि तिसऱ्या मजल्यावर साहेब बसत.

दहा वाजता लोकांचे फोन सुरू झाले. सव्वादहाला साहेबांनी गुन्हेगार शोधून काढला. तपासाला पंधरा मिनिटं लागली, कारण मध्ये चहा आला होता.

गुन्हेगार म्हणजे सर्व्हरताई. तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण तीन महिन्यांपूर्वी खात्याचा नवा सर्व्हर तिने एकटीने उभा केला आणि तेव्हापासून शिपायापासून इंजिनियरपर्यंत सगळे तिला याच नावाने हाक मारू लागले. नोकरी अजून कच्ची होती. साहेबांनी आधी तिचा पासवर्ड बंद करवला, मग एक टाइप केलेलं पत्र तिच्यापुढे सरकवलं. 'सर्व्हरची मांडणी करताना माझ्या हातून झालेल्या चुकीमुळे सर्व तक्रारी कायमच्या पुसल्या गेल्या, अशी मी कबुली देते.' बुधवारी अकराला वरून पाहणी समिती येणार होती. त्याआधी खाली सही हवी होती.

"आणि नाही केली तर?" तिने विचारलं.

साहेब प्रेमळ हसले. "तर तुमची चूक आम्ही तुमच्या वतीने कबूल करू."

सर्व्हरताईने पत्राची चौघडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि भर दुपारी घरी निघून आली. सही केली तर नोकरी जाणार होती, आणि पुन्हा कुणी हातात सर्व्हर सोडा, साधा माऊस दिला नसता. नाही केली तरी नोकरी जाणारच होती. फरक एवढाच, की दुसऱ्या वाटेने जाताना ती मान वर करून जाणार होती.

२

ती राहायची मावशीकडे. मावशीने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं काढली होती. ज्या काळात दोन माणसांना बोलायचं तर मध्ये तिसरं माणूस लागायचं, त्या काळात ते तिसरं माणूस ती होती. त्यामुळे दुसऱ्यांचं बोलणं ऐकणं ही तिच्या मते खोड नव्हती. पेन्शन मिळवून देणारी विद्या होती.

तिने पत्र वाचलं, उलटं करून मागची कोरी बाजूही पाहिली आणि विचारलं, "सही करणार आहेस?"

"नाही."

"मग आधी जेवून घे. नाही म्हणायला ताकद लागते."

जेवताना तिने भाचीकडून सगळा सर्व्हर समजून घेतला. जुन्या वेबसाइटवर म्हणे छापील पानं असायची. कुणी मागितलं की सर्व्हर तेच पान काढून द्यायचा, नोटीस बोर्डावरच्या कागदासारखं. नव्या वेबसाइटवर पान आधीपासून नसतंच. कुणी मागितलं की एक प्रोग्राम जागा होतो, तक्रारींच्या कोठारात जातो, त्या क्षणाला तिथे काय काय आहे ते मोजतो आणि ताजं पान करून पाठवतो. प्रत्येकाला वेगळं, प्रत्येक वेळी नवं.

"म्हणजे तू त्यांना ऑपरेटर आणून दिलास," मावशी म्हणाली.

भाचीने मान डोलावली. कोठारच रिकामं झालं असावं, असं तिला वाटत होतं. कसं, ते मात्र कळत नव्हतं, आणि पासवर्ड काढून घेतल्यामुळे आत जाऊन बघता येत नव्हतं. मुख्य फोल्डरच्या किल्ल्या दोनच. एक तिची. दुसरी साहेबांची, कारण खातेप्रमुखाला सगळीकडे जाता आलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. ती किल्ली, म्हणजे पासवर्डची चिठ्ठी, साहेबांनी सुरक्षित राहावी म्हणून हेडक्लार्कच्या टेबलाच्या काचेखाली ठेवायला दिली होती.

"काचेखाली," मावशी म्हणाली.

"हो."

"काचेतून दिसतं ना गं?"

"म्हणून तर काच आहे," भाची म्हणाली. दिवसभरात ती पहिल्यांदा हसली.

मंगळवारी सकाळी मावशीने स्वतःच्या फोनवरून वेबसाइट उघडली आणि आपल्या स्वयंपाकघरातला नळ गळतो, अशी तक्रार नोंदवली. नळ गळत होताच. तिने फक्त वेळ साधली. लगेच पोच आली : तक्रार क्रमांक चारशे चौतीस. मग तिने पान पुन्हा उघडलं. प्रलंबित तक्रारी, शून्य.

तिने फोन भाचीच्या नाकासमोर धरला. "काल सगळं पुसलं गेलं म्हणतेस. कबूल. पण माझी तर आत्ता टाकली. निदान एक तरी दिसायला नको?"

भाचीच्या हातातला चमचा वाटीत पडला.

३

अकरा वाजता मावशी पाणीखात्यात हजर झाली. हातात नळाची तक्रार, नीट कागदावर, बारीक अक्षरात लिहिलेली. तक्रारदार म्हातारीकडे ऑफिसात कुणी बघत नाही. हेर म्हणून यापेक्षा चांगला वेश नाही.

हेडक्लार्क टेबलाशी बसून सुईदोऱ्याने एक जाडजूड फाइल शिवत होते. सुईत दोरा त्यांनी एका झटक्यात ओवला, मावशीचा कागद वाचला, आणि शेवटच्या ओळीत 'ळ' ची शेपटी राहिली आहे हेही सांगितलं. नव्या वेबसाइटवर त्यांचा राग होता. पूर्वी तक्रार आली की ती त्यांच्या टेबलावर पिकायची. आता ती जन्मल्याबरोबर सगळ्या शहराला दिसायची. "माणसाला काही खाजगी जीवन आहे की नाही?" त्यांनी विचारलं. पासवर्डची चिठ्ठी काचेखाली होती, दोन रेल्वे तिकिटं आणि नातवाच्या फोटोच्या मध्ये. इथे कोण कोण येतं, असं मावशीने सहज विचारलं. कोण येत नाही, असं ते म्हणाले. रविवारीही दुपारी ऑफिस उघडं होतं, समितीसाठी भिंती रंगवायला. ते स्वतः होते, साहेब होते, आणि बिलाचं विचारायला तो जुन्या वेबसाइटवालाही येऊन गेला होता.

जुन्या वेबसाइटवाल्याचं दुकान समोरच होतं. पाटीवर 'झेरॉक्स, लॅमिनेशन, वेबसाइट' असा चढता क्रम होता. सर्व्हरताई आल्यापासून खात्याचं काम हातचं गेलं होतं, आणि तिच्यावर बोलायला त्याला आमंत्रण लागलं नाही. त्याची छापील पानं बारा वर्षं टिकली, एकदाही बदलावी लागली नाहीत, हे त्याने अभिमानाने सांगितलं. बोलता बोलता तो काउंटरवर पडलेल्या फोनवरचे मेसेज हात न लावता, उभ्याउभ्या वाचत होता. अक्षरं मुंगीएवढी. मावशीला तर तो फोन चालू आहे हेच आधी कळलं नव्हतं.

"शून्य कुणी केलं असेल रे?" तिने विचारलं.

"कुणी का करेना," तो म्हणाला. "मी असतो तर एक हजार केलं असतं. तिची खोड मोडायला शून्य कशाला?"

मावशीला हे पटलं. सूड घेणारा माणूस शहरातले नळ दुरुस्त करत नाही.

शेवटी ती तिसऱ्या मजल्यावर गेली. साहेबांनी तिला आजी म्हटलं. साहेब सत्तावन्न, मावशी सहासष्ट. नऊ वर्षांत दोन पिढ्या उलटल्या होत्या. मावशीने कागद पुढे केला. साहेबांनी तो हातभर लांब धरला, मग आणखी लांब, मग खुर्ची मागे घेतली. हाताची लांबी संपल्यावर त्यांनी कागद तिलाच परत दिला.

"तुम्हीच वाचून दाखवा, आजी. मला जनतेची तक्रार जनतेच्या तोंडून ऐकायला आवडते."

तिने वाचून दाखवली. मग त्यांच्या तब्येतीचं कौतुक केलं. साहेब खुलले. या वयात ना काठी, ना कवळी, ना चष्मा, असं म्हणाले; चष्मा लावणाऱ्या अधिकाऱ्याला कुणी कर्तबगार म्हणत नाही. तक्रारी कशा गेल्या, यावर मात्र त्यांनी खेदाने मान हलवली. मुलगी हुशार होती, पण पोर ती पोर. आता चारशे अठरा लोकांनी पुन्हा तक्रार करायची म्हणजे निम्मे तरी कंटाळून गप्प बसणार. हे सांगताना त्यांचा खेद जरा उजळल्यासारखा वाटला.

मावशी जिना उतरताना एका पायरीवर थांबली. तिला कोण ते कळलं होतं. कसं ते कळायचं होतं.

४

संध्याकाळी तिने भाचीला सगळं सांगितलं आणि वर म्हणाली, "बाकी एक बरं केलंस हं, अक्षरं मोठी केलीस. चष्मा न शोधता वाचता येतात."

"मी नाही केली. अक्षरं बारीकच आहेत. वर कोपऱ्यात बटण आहे, ते दोनदा दाबलं की मोठी होतात. एकदा दाबलं की त्या कॉम्प्युटरपुरतं सर्व्हर लक्षात ठेवतो, पुढच्या वेळी तसंच पान करून देतो."

"मी काही दाबलं नाही."

"दाबलं असशील चुकून."

मावशी भाचीला घेऊन शेजारच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली आणि त्यांच्या कॉम्प्युटरवर, जिथे ही वेबसाइट जन्मात कुणी उघडली नव्हती, पान उघडायला लावलं. अक्षरं हरभऱ्याएवढी.

सर्व्हरताई पडद्याकडे बघत राहिली. पान प्रत्येकाला वेगळं मिळायला हवं. हे सगळ्यांना एकच मिळत होतं.

"आमच्या एक्स्चेंजमध्ये," मावशी सावकाश म्हणाली, "ऑपरेटर जागेवर नसली की रेकॉर्ड लावायचे. सर्व लाइन व्यस्त आहेत, कृपया थांबा. आवाज इतका गोड, की लोक त्या बाईशी बोलायचे. पलीकडे कुणी नसायचंच. तुझा ऑपरेटर आहे का गं पलीकडे?"

भाचीने डोक्यावर हात मारून घेतला. कोठार रिकामं नव्हतं. कोठारात कुणी जातच नव्हतं. कुणीतरी एकदा तयार झालेलं पान, आपल्या अक्षरांच्या मापासकट, स्वतःच्या कॉम्प्युटरवर जपून ठेवलं होतं, बहुधा उद्घाटनाच्या सकाळचं, पहिली तक्रार यायच्या आधीचं, आणि रविवारी ते उचलून सर्व्हरच्या मुख्य फोल्डरमध्ये ठेवलं होतं. दारात आलेल्याला काय द्यायचं याचा क्रम सर्व्हरच्या मांडणीत एका ओळीत लिहिलेला असतो : आधी तयार पान शोध, नसेल तरच प्रोग्रामला उठव. पान मिळालं. प्रोग्राम झोपून राहिला.

"तो क्रम कुणी लिहिला?"

"सर्व्हर बसवला की तसाच येतो. मी बदलायला हवा होता. नाही बदलला." ती जरा थांबली. "आणि साहेबांना मुख्य फोल्डरची किल्ली द्यायला नको होती. मागितली म्हणून दिली. या दोन चुका माझ्या आहेत मावशी, त्यांवर मी सही करीन. तिसरीवर नाही."

मग तिने पत्त्याच्या पुढे त्या प्रोग्रामचं नाव जोडून टाइप केलं, म्हणजे नोटीस बोर्डाला वळसा घालून थेट ऑपरेटरला हाक मारली. यासाठी कुठलाच पासवर्ड लागत नव्हता. शहरातल्या कुणालाही करता आलं असतं, फक्त करायचं सुचायला हवं होतं.

पान आलं. बारीक अक्षरांत. प्रलंबित तक्रारी – चारशे एकोणचाळीस. नुसता आवाज येणारे गृहस्थही जागेवर होते.

"आता नाव सांग," भाची म्हणाली. "हेडक्लार्क ना? केवढा जाड चष्मा."

"चष्मा आहे, म्हणूनच ते नाहीत," मावशी म्हणाली. "चष्मेवाल्याला बारीक दिसतं. त्यांनी माझी 'ळ' ची शेपटी पकडली. दुकानवाल्याला तर मुंग्या वाचता येतात. मोठी अक्षरं लागतात ती ज्याला दिसत नाही आणि जो चष्मा लावत नाही, त्याला."

५

बुधवारी अकराला सभागृहात समितीचे पाच जण बसले होते. अध्यक्षा एक करड्या केसांच्या इंजिनियरबाई होत्या, चेहऱ्यावर पाहुणचाराचा कंटाळा. भिंतीवर भलंमोठं शून्य झळकत होतं आणि साहेब त्यासमोर उभे राहून खात्याची कार्यक्षमता समजावत होते. तक्रारी गेल्याच्या काही अफवा आहेत, ते म्हणाले, त्याला जबाबदार कर्मचारी आज लेखी कबुली देत आहे.

जबाबदार कर्मचारी मावशीला घेऊन आत आली.

"सही आणली?" साहेबांनी विचारलं.

"नाही. आणि आणणारही नाही."

ती अध्यक्षांकडे वळली. आपल्या दोन चुका तिने आधी सांगितल्या, क्रमाची आणि किल्लीची, काहीही न लपवता. मग विनंती केली, की त्यांनी स्वतःच्या लॅपटॉपवर हा एवढा पत्ता टाइप करावा. अध्यक्षांनी केला. त्यांच्या चेहऱ्यावरचा कंटाळा गेला. त्यांनी आकडा मोठ्याने वाचला : चारशे त्रेचाळीस.

साहेबांनी आधी आश्चर्य दाखवलं, मग आनंद, मग संताप. तिन्ही थोडं थोडं. चिठ्ठी हेडक्लार्कच्या काचेखाली होती, ते म्हणाले, कुणीही हे पान ठेवलं असेल. हेडक्लार्क उभे राहिले. त्यांचे ओठ हलले, शब्द आला नाही. एकोणतीस वर्षं ते साहेबांच्या वतीने गप्प बसत आले होते.

"बरोबर आहे," मावशी म्हणाली. "कुणीही. म्हणून सगळ्यांच्याच कॉम्प्युटरवर बघू या."

अध्यक्षांना ही कल्पना आवडली. हेडक्लार्कच्या कॉम्प्युटरवर खरं पान बारीक अक्षरांत आलं. अध्यक्षांच्या लॅपटॉपवर बारीकच होतं. शिपायाने समोरून दुकानवाल्याला त्याच्या लॅपटॉपसकट बोलावून आणलं. त्यावर इतकं बारीक, की त्याच्याखेरीज कुणाला वाचता येईना. मग सगळे साहेबांच्या केबिनमध्ये गेले. साहेब म्हणाले, आज माझा कॉम्प्युटर जरा बिघडला आहे. अध्यक्षांनी तो स्वतः चालू केला.

प्रलंबित तक्रारी – चारशे त्रेचाळीस. अक्षरं हरभऱ्याएवढी. सभागृहाच्या भिंतीवरच्या शून्याशी मापात जुळणारी. तपासलेल्या कॉम्प्युटरांपैकी या मापाचं पान एकाच टेबलावर तयार होत होतं.

साहेबांनी अध्यक्षांना आधी बाहेर जाऊ दिलं, आणि दाराशी सर्व्हरताईला थांबवून हळू आवाजात समजावलं. समितीपुरतं, फक्त चार दिवसांसाठी ठेवलं होतं. या हेडक्लार्कने ओरडून घोळ केला. आता असं म्हणावं की चाचणीसाठी पान ठेवलं होतं, दोघांच्या संमतीने. नोकरीच्या पक्क्या ऑर्डरवर आजच सही होईल.

"माझी सही मागून मागून दमलात," ती म्हणाली, आणि आवाज हळू करायची तसदी तिने घेतली नाही. "आता तुमची देताय. मला दोन्ही नकोत. पान ठेवलं तुम्ही आणि पुसलं म्हणून नाव लावत होतात माझं. हे मी सगळ्यांसमोर सांगणार, आणि ऑर्डर मिळो न मिळो, उद्याही हेच सांगणार."

जिन्यात उभ्या असलेल्या अध्यक्षांनी मागे वळून बघितलं. त्यांनी हेडक्लार्कना एवढंच सांगितलं, की यांचा पासवर्ड आत्ताच्या आत्ता चालू करा आणि साहेबांचा बंद. हेडक्लार्क दोन पायऱ्या एकदम उतरले. त्या वयात.

सर्व्हरताई सभागृहात येऊन बसली. ते मेलेलं पान तिने फोल्डरमधून काढून पुरावा म्हणून समितीकडे दिलं. मग मांडणीतली ती ओळ उघडून क्रम उलटा केला : आधी प्रोग्राम, मग बाकी सगळं. सर्व्हरला नवी मांडणी वाचायला लावली. भिंतीवरचं शून्य गेलं आणि त्या जागी शहर आलं, गळणारं, तुंबलेलं, गढूळ, चारशे त्रेचाळीस ओळींचं. दाराशी जमलेल्या कारकुनांतून कुणीतरी टाळी वाजवली आणि साहेबांकडे लक्ष जाताच तोच हात डोकं खाजवायला नेला.

तिने एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. मावशीने तिची पर्सही उचलून हातात दिली होती. पण तिने नवी तक्रार नोंदवायचा फॉर्म उघडला आणि सगळ्यांच्या देखत टाइप करू लागली. तक्रारदार : स्वतःचं पूर्ण नाव. ठिकाण : तिसरा मजला. तपशील : खातेप्रमुखांनी चारशे अठरा नागरिकांच्या तक्रारी खोट्या पानाआड लपवल्या आणि निरपराध कर्मचाऱ्याकडून खोटी कबुली मागितली. तिने पर्समधलं पत्र काढून उलगडलं, फोनने त्याचा फोटो घेतला आणि सोबत जोडला. मग बटण दाबलं.

भिंतीवर आकडा बदलला. चारशे चव्वेचाळीस. तिची ओळ सगळ्यात वर होती, आणि ज्याच्या हातात फोन आहे त्या शहरातल्या प्रत्येकाला ती त्या घटकेपासून दिसत होती.

साहेबांनी डोळे बारीक करून त्या ओळीकडे पाहिलं. हेडक्लार्कनी ती त्यांना वाचून दाखवली, शब्द न् शब्द, स्वच्छ आवाजात.

"हे मागे घ्या," साहेब म्हणाले. "तक्रार मागे घ्यायचं बटण कुठे आहे?"

"ते मी बनवलेलंच नाही," सर्व्हरताई म्हणाली.